ऋण, दान आणि सोर्स कोड

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. शहादा तालुक्यातले हे आदिवासी वस्तीचे लहानसे गाव. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तिथे आले होते. ओळखीच्या कागदांअभावी जे सरकारी योजनांबाहेर राहतात, त्यांच्यापासून सुरुवात व्हावी, हा त्यामागचा विचार होता. गावकऱ्यांच्या हाती पडलेले ते बारा आकडे ज्या यंत्रणेतून आले, ती पुढे शंभर कोटींहून अधिक माणसांपर्यंत पोचली. या यंत्रणेचा मोठा भाग लिनक्स, मायएसक्यूएल, हडूप अशा मुक्त सॉफ्टवेअरवर उभा आहे. ही सॉफ्टवेअर वापरायला कोणाच्या दारी परवानगी मागावी लागत नाही. त्यांचा सोर्स कोड जगासमोर ठेवलेला आहे. ज्याला हवा त्याने तो वाचावा, बदलावा, वापरावा.

यातल्या लिनक्सची सुरुवात १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने केली. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावाला आपले काम कधी उपयोगी पडेल, हे त्याच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते. त्याने किंमत मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही. मग या व्यवहाराला काय म्हणायचे? विक्री म्हणावी तर किंमत नाही. दान म्हणावे तर घेणारा याचक ठरतो, आणि टेंभलीच्या गावकऱ्यांनी किंवा त्यांच्या सरकारने हेलसिंकीपुढे हात पसरला नव्हता. चोरी तर नव्हेच, कारण देणाऱ्याने स्वतःहून दार उघडे ठेवले होते.

ज्याची किंमत ठरलेली नाही आणि जे घेतल्यावाचून चालतही नाही, अशा गोष्टीबद्दल घेणारा काय देणे लागतो, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. भारतीय विचाराने त्याचे एक उत्तर ऋणाच्या कल्पनेत दिले. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे मनुष्यऋण घातले. शतपथाचा रोख असा, की जो कोणी जन्माला येतो तो ऋणासकटच येतो. कर्ज काढायला तो सावकाराकडे गेलेला नसतो. भाषा, शेतीची रीत, औषधांची ओळख, मोजमाप, हे सगळे त्याच्या आधीच कोणीतरी करून ठेवलेले असते. ऋषींचे ऋण फेडायचे ते अध्ययनाने, म्हणजे मिळालेली विद्या शिकून पुढे नेण्याने. अशी विद्या धारण करणाऱ्याला शतपथ ब्राह्मण ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हणते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ज्याला मेंटेनर म्हणतात, त्याचे काम यापेक्षा फारसे वेगळे नाही. त्याला ठेवा मिळालेला असतो. तो त्याने एकट्याने निर्माण केलेला नसतो आणि एकट्यासाठी ठेवायचाही नसतो. चुका दुरुस्त करायच्या, नव्या लोकांनी पाठवलेले बदल तपासायचे आणि ठेवा पुढच्याच्या हाती शाबूत द्यायचा. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात बसून वेबवर एखादा छोटा उद्योग उभा करू पाहणाऱ्या तरुणाला आपल्या कामाची नैतिक जागा शोधायची असेल, तर दानापेक्षा ऋणाची ही कल्पना त्याच्या जास्त कामाची आहे.

दानाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. सॉफ्टवेअरच्या जगात निखळ दानाचे एक थोर उदाहरण आहे, आणि ते धडगावच्या दुर्गम पाड्यावरच्या मोबाइलमध्येही आहे. एसक्यूलाइट हे त्याचे नाव. माहिती नीट साठवून हवी तेव्हा काढून देणारे हे छोटे सॉफ्टवेअर रिचर्ड हिप या अमेरिकी प्रोग्रामरने २००० साली लिहिले. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रत्येक आयफोनमध्ये ते असते. हिप यांनी त्यावरचा स्वामित्वहक्कच सोडून दिला. कोडच्या फाइलींच्या माथ्यावर जिथे एरवी कायद्याची ताकीद असते, तिथे त्यांनी आशीर्वाद लिहिला आहे: वाचणाऱ्याच्या हातून भले घडो, त्याला क्षमा मिळो आणि त्याने दुसऱ्यांना क्षमा करावी, त्याने मोकळ्या हाताने वाटावे आणि दिल्यापेक्षा जास्त घेऊ नये, अशा आशयाचा. आपल्या चमूसाठी आचारसंहिता म्हणून त्यांनी संत बेनेडिक्टचे मठवासीयांसाठीचे जुने नियम स्वीकारले. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण येते, परतफेडीची आशा न ठेवता दिलेले, ते इथे बसते.

दुसरी वाट रिचर्ड स्टॉलमन यांची. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती काढली. त्याची मुख्य अट अशी: हा कोड घ्या, बदला, विकलात तरी चालेल, पण बदललेला कोड दुसऱ्यांना देताना तुम्हाला मिळाले तेच स्वातंत्र्य त्यांनाही द्या. स्वामित्वहक्काचा कायदा कुलूप लावण्यासाठी होता. स्टॉलमन यांनी तोच कायदा दार उघडे राहावे म्हणून वापरला. एसक्यूलाइट घेणाऱ्यावर काहीच बंधन नाही. जीपीएलचा कोड घेणारा मात्र ऋणको होतो. त्याने ते ऋण देणाऱ्याला परत करायचे नसते, पुढच्याला द्यायचे असते. ऋषिऋणाचे गणित हेच आहे. ज्या ऋषींकडून घेतले ते हयात नाहीत, त्यांना परत काय देणार? फेड पुढच्या पिढीकडेच होते.

इथे व्यवहारी माणूस विचारतो, आणि त्याने विचारायलाच हवे: मग पोट कसे भरायचे?

या प्रश्नावर परंपरेने बारकाईने विचार केला आहे. मनुस्मृतीने आधी पगार ठरवून शिकवणाऱ्याला कमी लेखले, पण विद्या संपादन झाल्यावर शिष्याने गुरूला यथाशक्ती दक्षिणा द्यावी, असेही सांगितले. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात, केवळ उपजीविकेसाठी विद्या वापरणारा हा विद्येचा व्यापारी होय, असा टोमणा नाट्याचार्यांच्या भांडणात येतो. या सगळ्यामागे एक भेद आहे. विद्येच्या दारावर बसून पैसे घेणे एक आणि आत आलेल्यासाठी केलेल्या श्रमांचे पैसे घेणे वेगळे. पहिल्यात ज्याच्याकडे पैसे नाहीत तो कायमचा बाहेर राहतो. दुसऱ्यात तो आत येऊ शकतो, स्वतः शिकून स्वतःचे काम करू शकतो, आणि ज्याला वेळ नाही तो पैसे देऊन ते करवून घेतो.

मुंबईच्या ईआरपीनेक्स्टचा उद्योग या दुसऱ्या रीतीवर उभा आहे. रुषभ मेहता यांनी २००८ साली त्याची सुरुवात केली. लहान-मध्यम कारखान्यांचा हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारे हे सॉफ्टवेअर. अशा सॉफ्टवेअरच्या बाजारात बलाढ्य परदेशी कंपन्या होत्या आणि त्यांच्या किमती छोट्या कारखानदाराला झेपत नव्हत्या. मेहता यांच्या कंपनीने, म्हणजे आजच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजने, आपला कोड जीपीएलखाली खुला ठेवला. ज्या चौकटीवर ईआरपीनेक्स्ट बांधले आहे ती फ्रॅपे चौकट मात्र त्यांनी एमआयटी परवान्याखाली, म्हणजे जवळजवळ बिनशर्त दिली. एकाच घरात ऋणही आहे आणि दानही. कंपनीची कमाई सर्व्हर सांभाळण्याची, मदतीची आणि सेवेची. २०२० साली झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या रेनमॅटर या गुंतवणूक शाखेने तिच्यात दहा कोटी रुपये गुंतवले. झिरोधा स्वतःचा कारभार मुक्त सॉफ्टवेअरवर चालवते. २०२४ मध्ये तिने जगभरच्या मुक्त प्रकल्पांना दरवर्षी दहा लाख डॉलर देणारा निधी सुरू केला. घेतलेल्याची फेड कशी करता येते, याचे हे ताजे भारतीय उदाहरण.

एसक्यूलाइटचेही तसेच. कोड दान झाला, पण त्यावर विसंबून असलेल्या मोठ्या कंपन्या सभासदवर्गणी देतात, खास मदतीसाठी करार करतात, आणि त्यावर तो छोटा चमू जगतो. २०५० सालापर्यंत हे सॉफ्टवेअर सांभाळू, असे त्याने सांगितले आहे. हे राखणदाराचे वचन आहे.

खानदेशाला राखणदाराच्या पोटाचा हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या आधीपासून ठाऊक आहे. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत धुळ्याच्या, म्हणजे जुन्या पश्चिम खानदेशाच्या, नकाशात होता. त्या धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन झाले. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले. गावोगाव पायपीट करून जमवलेली मूळ पत्रे त्यांनी तशीच छापली. निष्कर्ष आपल्या मुठीत ठेवून पुरावा झाकून ठेवता आला असता. राजवाड्यांनी पुरावाच सर्वांपुढे मांडला, म्हणजे त्यांचे म्हणणे खोडून काढायचे असले तरी तो पुरावा हाताशी असावा. पुढच्या इतिहासकारांनी त्यांच्या अनेक मतांना नकार दिला आणि तो देण्यासाठी राजवाड्यांचेच खंड वापरले. यापेक्षा मोठा मोकळेपणा कोणता? मात्र या माणसाचे आयुष्य ओढगस्तीत गेले. त्यांच्या पश्चात धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि कागद जपले गेले. ठेव्याची किंमत समाजाला कळली, पण राखणदाराच्या चुलीची आठवण त्याच्या हयातीत पुरेशी झाली नाही.

ही विस्मृती आजही तशीच आहे. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये २०१४ साली हार्टब्लीड नावाची गंभीर त्रुटी सापडली. तेव्हा कळले, की जगभरच्या बँका आणि दुकाने ज्यावर उभी होती त्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलरच देणग्या मिळत होत्या. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल-आकुंचनाच्या साधनात चोरवाट पेरलेली आढळली. टोपणनावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन-अडीच वर्षे त्याच्या थकलेल्या, एकट्या राखणदाराचा विश्वास मिळवून ती पेरली होती. लाखो सर्व्हरांनी एक्सझेड वापरले होते. त्याला मदतनीस द्यावा, असे फारच थोड्यांना सुचले होते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचा विचार आहे. मिळालेले भोगून त्याची परतफेड न करणाऱ्याला तिथे स्पष्टपणे चोर म्हटले आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तीच 'गीता प्रवचने'. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि पुस्तक साऱ्या देशाचे झाले. पुढे १९५१ मध्ये विनोबा भूदानासाठी निघाले, तेव्हा त्यांनी भीक मागितली नाही. मला घरातला आणखी एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनदारांना सांगत. दान ही कृपा असते. वाटा हा हक्क असतो. भूदानाने आणखीही एक गोष्ट शिकवली. मिळालेल्या जमिनीत नापीक, वादात अडकलेली जमीन पुष्कळ होती, आणि चांगल्या जमिनीलाही कसणारा, पाणी देणारा, बैलजोडी जोडणारा लागत होता. हजारो प्रकल्पांचा कोड आज जगापुढे उघडा पडून आहे आणि त्यातल्या कित्येकांना कोणी वाली नाही. उघडा ठेवणे ही सुरुवात झाली. सांभाळण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतोच.

काही प्रकल्पांनी कंटाळून दार लोटून घेतले. इलॅस्टिकसर्चने जानेवारी २०२१ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपले परवाने आवळले, कारण मोठ्या क्लाउड कंपन्या त्यांचे काम घेऊन स्वतःची सेवा विकत होत्या. पुढे दोघांनीही कडक अटीच्या पण खुल्या एजीपीएल परवान्याची वाट पुन्हा मोकळी केली. बिनशर्त देऊन नंतर पस्तावण्यापेक्षा, परतफेडीची अट आधीच घालून देणे जास्त प्रामाणिक आहे, असे या दोन्ही घटनांवरून दिसते.

ऋणाच्या या विचारावर एक मोठा आक्षेप आहे. ज्या परंपरेने ऋषिऋण सांगितले तिनेच ते फेडण्याचा अधिकार मूठभरांना दिला. तैत्तिरीय संहितेचे वचन ब्राह्मणापुरते आहे. स्त्रिया, शूद्र, अतिशूद्र यांना वेदाध्ययन बंद होते. म्हणजे ठेवा सर्वांचा म्हणायचा आणि किल्ली एकाच वर्णाच्या कमरेला. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत आणला, जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा उघडली, तेव्हा कुठे ते कुलूप खिळखिळे होऊ लागले. सातपुड्यात हा प्रश्न आणखी वेगळ्या रूपात आला. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात भिलांमध्ये जो आपधर्म रुजवला, त्यात पुरोहिताची गरज नव्हती. हजारो आदिवासी एकत्र जमून स्वतः आरती करत आणि एकमेकांना 'आप' म्हणून मान देत. देवापर्यंत जायला दलाल नको, असाच त्या चळवळीचा अर्थ होता. ज्ञानाचे दार उघडे असावे, असे नंदुरबारमध्ये बसून म्हणणाऱ्याला हा वारसा जवळचा आहे.

पण आदिवासींच्या बाबतीत दुसराही धोका आहे. त्यांचे दार आधीच उघडे होते आणि येणारे-जाणारे नेतच राहिले. कोणत्या झाडाची साल कशावर चालते, कोणते बियाणे कमी पावसात तगते, हे त्यांनी विचारणाऱ्याला सांगितले. नेणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर केले तर ऋणाची साखळी तिथेच तुटते. हळदीची गोष्ट सर्वांना आठवत असेल. जखमेवर हळद लावावी हे घरोघरचे ज्ञान, पण १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील पुरावे दाखल केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. उघडे असणे पुरेसे नव्हते. ते उघडे होते याची लेखी नोंद लागली.

सातपुड्यातल्या आदिवासींची याहामोगी ही अन्नधान्याची देवता. महाशिवरात्रीला नंदुरबारच्या सीमेपलीकडे, गुजरातच्या सागबारा तालुक्यातल्या देवमोगऱ्याला तिच्या यात्रेत लोक टोपल्यांतून धान्य घेऊन जातात. नवे पीक देवाला दाखवल्यावाचून खायचे नाही, हा नवाईचा दंडक. बियाणे कोणा एकाचे नसते. शेजाऱ्याकडून आणलेले मूठभर पुढच्या हंगामात दुसऱ्या शेजाऱ्याकडे जाते. धडगाव तालुक्यात बायफ संस्थेच्या साथीने शेतकऱ्यांनी मका-ज्वारीची गावरान वाणे जपली आहेत आणि त्यांच्या बीज समितीने याहामोगीचेच नाव घेतले आहे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने ही रीत मान्य केली: शेतकरी बियाणे राखू शकतो, पेरू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो, विकूही शकतो, संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँड लावून मात्र त्याला विकता येत नाही. स्टॉलमन यांच्या परवान्याशेजारी हे कलम ठेवले, तर दोन्हीकडे वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क एकत्र नांदताना दिसतो.

आता नंदुरबारच्या तरुण उद्योजकाकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यात अनुसूचित जमाती ६९ टक्क्यांहून अधिक. इथले धंदे स्वतःच्या वळणाचे आहेत. नंदुरबार हा देशातल्या मोठ्या मिरची बाजारांपैकी एक. व्यापारी ओली लाल मिरची घेतात, पथारीवर वाळवतात, वजन घटते, मग देठ खुडणे, निवडणे, प्रतवारी. नवापूरला कुक्कुटपालन मोठे. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली तिथेच आढळला आणि नोंदी ठेवण्याचे महत्त्व त्या गावाने फार महाग शिकून घेतले. पथारीवरची घट आणि मजुरी मांडणारे किंवा पोल्ट्रीच्या शेडमधली मरतूक रोज टिपणारे सॉफ्टवेअर बेंगळुरूची मोठी कंपनी करणार नाही. गिऱ्हाईक थोडे, आणि पहिली प्रत घडवण्याचा खर्च मात्र गिऱ्हाईक शंभर असो की लाख, तेवढाच.

त्यामुळे छोट्या बाजारात मुक्त सॉफ्टवेअर ही गरज होते. पाया सगळा फुकट मिळाला तरच वरचा शेवटचा मजला स्थानिक माणसाला परवडतो. हिशेबाची चौकट ईआरपीनेक्स्टची, माहितीचा साठा एसक्यूलाइटचा, सर्व्हर लिनक्सचा. अक्षरे पुण्याच्या रेड हॅटमधून आलेल्या लोहित फाँटची किंवा मुंबईच्या एक टाइपने दिलेल्या मुक्ताची. उद्योजक स्वतः काय आणतो? पथारीवरचा माणूस 'घट' कशी मोजतो हे ज्ञान, मुकादमाशी अहिराणीत बोलण्याची क्षमता आणि मशीन बंद पडले तर तासाभरात पोचण्याची तयारी. त्याचे पैसे त्याने निःसंकोच घ्यावेत. पायातल्या एखाद्या वस्तूत दोष सापडला, भाषांतर चुकलेले दिसले, मराठी आकड्यांची मांडणी बिघडलेली आढळली, तर ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवणे हे त्याचे ऋषिऋण. त्याला धर्मादाय समजण्याची गरज नाही. धंद्याच्या रोजच्या कामाचा तो भाग आहे.

याच जिल्ह्यात या विचाराची सर्वांत अवघड कसोटी आता येते आहे. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्या बोली बोलणारे देशात एक कोटी चार लाखांहून अधिक होते, तरी ती भाषा आठव्या अनुसूचीत नाही. नंदुरबारमध्ये देहवाली, पावरी, मावची अशा तिच्या निरनिराळ्या छटा ऐकू येतात. केंद्रीय आदिवासी मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन सुरू केले. त्यात संथाली, मुंडारी, गोंडी यांच्या बरोबरीने भिली आहे. आरोग्यकेंद्रात आणि कचेरीत आपल्या बोलीत उत्तर मिळावे, यासाठी अशी साधने हवीतच. पण ती माणसांच्या आवाजावर आणि वाक्यांवर शिकतात. आजीने सांगितलेली गोष्ट, पुजाऱ्याने गायलेली देवाची कथा, औषधाची नावे, सगळे त्यात जाते. हा ठेवा कोणत्या अटींवर द्यायचा?

मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात आवाज देणारा सर्व हक्क सोडतो. ते दान आहे, आणि लाखो मराठी-इंग्रजी भाषकांना ते परवडते. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला कायताइआ येथील ते हिकू मीडिया या माओरी संस्थेने वेगळे ठरवले. २०१८ साली तिने लोकांना आवाहन करून दहा दिवसांत माओरी भाषेचे तीनशेहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण जमवले, त्यावर स्वतःची प्रणाली घडवली आणि मुद्रणे मोठ्या कंपन्यांच्या हवाली करायला नकार दिला. त्यासाठी तिने जो परवाना लिहिला त्यात मालकीऐवजी राखणदारीची भाषा आहे: समाज या आवाजांचा राखणदार आहे, आणि वापरणाऱ्याचा वापर त्या समाजाच्या भल्याचा असला पाहिजे. शतपथ ब्राह्मण आणि माओरी वडीलधारे एकाच ठिकाणी पोचले, एवढे सांगून थांबता येत नाही. पहिल्या परंपरेने राखणदार निवडताना जन्म पाहिला. माओरींनी ज्यांची भाषा आहे त्या सगळ्यांना राखणदार केले. स्वीकारण्याजोगे आहे ते हे दुसरे.

महाराष्ट्रात यासाठी कायदेशीर आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) ने, इंग्रजी प्रतीत ज्याला के म्हटले आहे त्याने, जैविक आणि सांस्कृतिक वैविध्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक हक्क मान्य केला आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला. धडगाव किंवा अक्कलकुव्यातल्या ग्रामसभेने पावरी ध्वनिमुद्रणांसाठी स्वतःचा परवाना ठरवला, तर त्यात तीन अटी पुरतील: यावर घडवलेले साधन आमच्या लोकांना विनामूल्य मिळावे, त्यात केलेली सुधारणा आमच्याकडे परत यावी, आणि देवाच्या कथा व औषधांची माहिती ग्रामसभेला विचारल्याशिवाय वापरू नये. पहिल्या दोन अटी स्टॉलमन यांच्या मार्गाच्या जवळच्या आहेत, तरी त्यांच्या परवान्यापेक्षा जास्त मागणाऱ्या. तिसरी तर त्यांच्या मर्यादेपलीकडची आहे. जाणकार मुक्त सॉफ्टवेअरवाले तिला आक्षेप घेतील, कारण त्यांच्या व्याख्येत वापराच्या हेतूवर बंधन बसत नाही. तो आक्षेप ऐकूनही ही अट ठेवावी. ज्या समाजाकडून शतकभर सगळे बिनहिशेबी नेले गेले, त्याला नाही म्हणण्याचा अधिकार आधी मिळाला पाहिजे. मोकळेपणाने देण्याचा निर्णय तो मग स्वतः घेईल.

ध्वनिमुद्रणे जमवणे, ती लिहून काढणे, शब्दकोश आणि कीबोर्ड तयार करणे आणि तो परवाना ग्रामसभांसमोर त्यांच्या बोलीत समजावून सांगणे, हे काम जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या तीन-चार तरुणांच्या कंपनीला झेपण्यासारखे आहे. शाळा, आरोग्य विभाग आणि आश्रमशाळा त्यांचे गिऱ्हाईक होऊ शकतात. त्यांना लागणारी जवळजवळ सगळी साधने आजच विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि ती कोणी घडवली याची नावे प्रत्येक साधनाच्या परवान्याच्या फाइलीत लिहिलेली आहेत.